शाळेच्या रंगमंचावर जलसा का नाही?

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाच्या नववीच्या मुलामुलींनी ठरवले, की यंदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये सिनेमाच्या गाण्यावर नाचायचे नाही, वीस मिनिटांचा आंबेडकरी जलसा करायचा. शाळेकडून दोन आक्षेप आले. एक, हा विषय राजकीय आहे. दोन, यंदा 'संगीत नाटक' असा विभाग ठेवला आहे आणि जलसा काही त्यात बसत नाही. पहिला आक्षेप आपल्याला नवा नाही. दुसरा मात्र इतिहासाचा आहे, आणि त्याला इतिहासानेच उत्तर दिले पाहिजे.

संगीत नाटकाचा इतिहास शिकवताना १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत शाकुंतल'पासून सुरुवात केली जाते. त्या नाटकाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी ढोलकी आणि तुणतुण्यावर तमाशा उभा राहत होता. गण, गौळण, बतावणी आणि वग असा त्याचा क्रम. गाणे आहे, संवाद आहे, कथा आहे, अभिनय आहे, साथीला वादक आहेत. मग संगीत नाटक आणखी कशाला म्हणतात? फरक कलेत नव्हता, तो कलावंताच्या जातीत होता.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. भटजीकडून फसवले गेलेले शेतकरी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघते, असा या नाटकाचा शेवट आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. नाटक आणि शाळा यांचे नाते आपल्या परंपरेत इतके जुने आहे! पुढे सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला. गणात गणपतीच्या जागी निर्मिकाला वंदन आले आणि बतावणीतल्या विनोदाने पुरोहितशाहीचे कपडे उतरवले.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी हाच वारसा आंबेडकरी जलशात आणला. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, नाशिकला काळाराम मंदिराचा लढा चालू होता. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत तो लढा पोहोचवायचा कसा? दिवसा मजुरी करणारी माणसे रात्री चाळीच्या चौकात, गावच्या महारवाड्यात जलशाला उभी राहत. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, संघटित व्हा, हे त्यांनी गाऊन आणि हसवून सांगितले. ज्या समाजाला शाळेचे दार बंद होते, त्याची शाळा जलशाने रात्रीच्या उघड्या चौकात भरवली. आज शाळाच त्या जलशाला दार लावते, हा विरोधाभास कुणी लक्षात घेणार की नाही?

आणि राजकीय म्हणाल, तर स्वतः बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ मध्ये प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी केले. युगायुगांच्या अस्पृश्यतेचा प्रश्न त्यात होता आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. विद्यार्थ्याने आपल्या समाजाचा इतिहास रंगमंचावर मांडणे हा शिक्षणाचाच भाग आहे, याला आणखी कोणता दाखला हवा?

पण मित्रहो, प्रश्न फक्त शाळेला विचारून आपली सुटका नाही. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी एका मुलीने आम्हाला विचारले, "त्या जलशात बायका होत्या का?" खरे उत्तर द्यावे लागले. स्त्रियांची कामे पुरुषच करत. त्यामागे कारण होते. तमाशात आपल्याच आयाबहिणींची अब्रू बाजारात मांडली जात होती. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारल्याची हकिकत सांगितली जाते, ती त्याच वेदनेतून. जलसा तमाशापासून वेगळा झाला तो स्वाभिमानासाठी. पण त्या स्वाभिमानाची किंमत म्हणून स्त्री रंगमंचाबाहेर राहिली, हेही आपण मान्य केले पाहिजे. त्या काळातली ती मर्यादा आज परंपरा म्हणून जपायची का? आमचे उत्तर स्पष्ट आहे, नाही.

म्हणून जलसा नुसता सादर करू नका, त्याचा अभ्यास करा. गण का बदलला, गौळणीचे काय झाले, विनोद कुणावर होता आणि कुणावर नव्हता, हे मुलांना शोधू द्या. वस्तीत जलसा पाहिलेले, गायलेले आजी-आजोबा अजून असतील, तर त्यांच्याकडून आजच ध्वनिमुद्रण करून घ्या. उद्या उशीर झालेला असेल.

आमच्या मुलांनी शेवटी विहारासमोरच्या अंगणात जलसा केला. वगातल्या नेत्याचे काम तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच केले. शाळेतले दोन शिक्षक मागे उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते. यंदा आम्ही पुन्हा अर्ज देणार आहोत, आणि 'संगीत नाटक' याच विभागात देणार आहोत. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या शाळेतही असा अर्ज गेला पाहिजे.

जय भीम!