कार्ड खिशात, पैसे परदेशात!
मंडळी, मांजरीतल्या दुकानात कार्ड टॅप करताना धाकधूक होते? मग पुण्याचाच इतिहास ऐका. ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, आणि ग्राहकांची कार्डं मात्र खिशातच! चोर बँकेच्या सिस्टीममध्ये शिरले, बनावट मंजुरी दिली आणि बहुतेक रक्कम क्लोन कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढली.

क्लोन का जमतं? काळ्या पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही. चिप मात्र दर व्यवहाराला नवा कोड बनवते, टॅप करतानाही. फोन आणखी एक पाऊल पुढे: दुकानदाराला कार्डाचा खरा नंबर जातच नाही, टोकन जातं. शिवाय फोनला लॉक असतं.

हरवलेल्या कार्डाला कुठलं लॉक? २०२१पासून ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ही मर्यादा आजच कमी करा.