लेबलावर नसलेली नावे

१९२०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या जॅझच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर फार थोडी माहिती असे. गाण्याचे नाव, बँडचे नाव आणि कंपनीचा क्रमांक, एवढेच. कॉर्नेट कोणी वाजवले, क्लॅरिनेटवर कोण होते, ध्वनिमुद्रण कोणत्या दिवशी झाले, यांतले सहसा काहीच छापत नसत. कंपन्यांच्या लेखी ती नाचण्यासाठी विकायची वस्तू होती, आणि नाचणाऱ्याला वादकाच्या नावाशी काही कर्तव्य नव्हते. जॅझच्या दर्दींमध्ये एकेका रेकॉर्डवर तासन्‌तास वाद घालण्याची जी रीत पडली, तिचे मूळ या गाळलेल्या नावांत आहे.

मंदीने या छंदाला अनपेक्षित हातभार लावला. अमेरिकेत १९२७ साली वर्षाला सुमारे दहा कोटी रेकॉर्ड विकल्या जात. १९३२पर्यंत हा आकडा साठ लाखांच्या आसपास घसरला. जुने साठे कवडीमोलाने भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या दुकानांत गेले. तिथे धुळीत बसून रेकॉर्ड चाळणारे तरुण हेच जॅझचे पहिले संशोधक. त्यांच्याजवळ दोनच साधने होती. एक म्हणजे लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मेट्रिक्स क्रमांक, ज्यावरून ध्वनिमुद्रणांचा क्रम लावता येई. दुसरे साधन कान. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाची १९२९ची एखादी रेकॉर्ड लावली की प्रश्न निघे: कॉर्नेटचा हा तुकडा बिक्स बायडरबेकचा, की त्याची हुबेहूब ढब उचलणाऱ्या अँडी सीक्रेस्टचा? बिक्स १९३१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला होता. त्याला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून स्वर कसा सुरू होतो, कुठे किंचित ओढला जातो, यावर निवाडा करावा लागे.

या तोंडी ज्ञानाला ग्रंथाचे रूप पहिल्यांदा युरोपात मिळाले. जॅझ जिथे जन्मले तिथे त्याची दखल घेणारे विद्वान थोडे होते. पॅरिसमध्ये मात्र ह्यूग पानासिए आणि शार्ल दलोने यांच्याभोवती ‘हॉट क्लब’ उभा राहिला होता. रॉबेर आणि सोनिया दलोने या विख्यात चित्रकार दांपत्याचा मुलगा असलेल्या शार्लने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या रेकॉर्डवर कोण वाजवतो, ती केव्हा आणि कुठे ध्वनिमुद्रित झाली, याची ती नोंदवही होती. पत्रव्यवहार आणि संग्राहकांच्या याद्या यांतून जमवलेल्या या पुस्तकाने मोठा दृष्टिपालट केला. रेकॉर्डची ओळख गाण्याच्या नावाऐवजी ती वाजवणाऱ्या माणसांवरून होऊ लागली.

न्यूयॉर्कमध्ये हेच काम एका दुकानात चालू होते. बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या ‘कमोडोर’ या दुकानाचा मिल्ट गेब्लर कंपन्यांकडून जुने साचे मिळवून दुर्मीळ रेकॉर्ड पुन्हा काढू लागला आणि लेबलावर वादकांची नावे छापू लागला. वादक, समीक्षक आणि विद्यार्थी तिथे उभ्याउभ्या गप्पा मारत. १९३८ साली गेब्लरने स्वतःची कंपनी काढली, आणि बिली हॉलिडेची ‘स्ट्रेंज फ्रूट’ तिच्या नेहमीच्या कंपनीने नाकारल्यावर १९३९मध्ये त्यानेच ती काढली. जॅझच्या इतिहासात दुकानदाराचे श्रेय एवढे मोठे असावे, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

नावे नुसती गाळलेली नसत, कधी मुद्दाम लपवलेलीही असत. १९२८-२९ साली कृष्णवर्णीय गिटारवादक लॉनी जॉन्सनबरोबर वाजवणारा ‘ब्लाइंड विली डन’ हा प्रत्यक्षात एडी लँग हा गोरा वादक होता. कारण बहुधा कराराचे असे. १९५३ साली टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या मैफलीची रेकॉर्ड निघाली तेव्हा चार्ली पार्कर दुसऱ्या कंपनीशी बांधलेला होता, म्हणून तिच्यावर तो ‘चार्ली चॅन’ झाला. चॅन हे त्याच्या सहचारिणीचे नाव, आणि चार्ली चॅन हा त्या काळच्या चित्रपटांतला प्रसिद्ध गुप्तहेर. दर्दींना सॅक्सोफोन ओळखायला दोन स्वर पुरले. सगळी कोडी मात्र इतकी सोपी नव्हती. पार्करच्या २६ नोव्हेंबर १९४५च्या ‘को-को’वर डिझी गिलेस्पीचे नाव करारामुळे झाकलेले होते, आणि त्या सत्रात पियानोवर कुठे गिलेस्पी आहे आणि कुठे आर्गॉन थॉर्नटन, हा वाद पुढे कित्येक दशके चालला.

‘को-को’ हे आणखी एका खेळाचे उदाहरण आहे. बीबॉप या जॅझच्या नव्या शैलीचे वादक जुन्या लोकप्रिय गाण्याची स्वरसंगतीची चौकट घेत आणि तिच्यावर नवी धून रचत. ‘को-को’ची चौकट ‘चेरोकी’ची. धुनीवर मालकी सांगता येई, स्वरसंगतीच्या चौकटीवर नाही. त्यामुळे मूळ रचनाकाराला मानधन द्यावे लागत नसे. नव्या धुनीला नाव देताना वादक आडून एखादी खूण ठेवत. थेलोनियस मंकने ‘जस्ट यू, जस्ट मी’वर धून बांधली. तू आणि मी म्हणजे ‘जस्ट अस’, ते कानाला ‘जस्टिस’सारखे लागते, आणि न्याय म्हटला की पुरावा आला, म्हणून १९४८ची ती रचना ‘एव्हिडन्स’ झाली. शब्द उलटे लिहिण्याची तर चढाओढच होती. गिलेस्पीच्या ‘इमॅनॉन’मध्ये ‘नो नेम’ दडले आहे, सनी रोलिन्सच्या ‘एअरेजिन’मध्ये नायजेरिया, आणि होरेस सिल्व्हरच्या ‘एकारोह’मध्ये तो स्वतः. ही उकल गप्पांना खाद्य पुरवी. पण तिचे मोल करमणुकीपुरते नव्हते. नावाचे कोडे सोडवणाऱ्याला धुनीच्या घडणीत शिरायची वाट सापडे.

कानांची ही कसोटी छापील सदरात आणली लेनर्ड फेदर या समीक्षकाने. १९४६ साली ‘मेट्रोनोम’ मासिकात त्याने ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ सुरू केली; पुढे ती ‘डाउन बीट’मध्ये गेली. वादकाला काहीही न सांगता रेकॉर्ड ऐकवायची, कोण वाजवते ते ओळखायला लावायचे आणि पाचपैकी तारे मागायचे. १९५१मधली रॉय एल्ड्रिजची चाचणी सर्वांत अर्थपूर्ण ठरली. वादक गोरा की काळा हे ऐकून सांगता येते, असे तो म्हणे. चाचणीत त्याचे अंदाज फसले आणि त्याने तसे मान्यही केले. वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या अमेरिकेत एका सदराने हे दाखवून दिले, हे त्याचे मोठेपण.

दर्दींची भांडणेही याच काळात पेटली. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या शैलीचे भक्त बीबॉपला जॅझ मानायलाच तयार नव्हते; नव्या पक्षाने त्यांना ‘मोल्डी फिग’, म्हणजे बुरशी आलेली अंजिरे, असे नाव दिले. भाषा कडवट होती, पण जुन्या पक्षाचे एक ऋण मान्यच केले पाहिजे. विस्मृतीत गेलेला, दातही न उरलेला ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन त्यांनी लुइझियानात शोधून काढला, त्याला कवळी बसवून दिली आणि पुन्हा वाजता केला. पुढे सूचीचे काम अधिक काटेकोर झाले. इंग्लंडमध्ये ब्रायन रस्ट यांनी आरंभीच्या दशकांतील रेकॉर्डची विस्तृत सूची केली, तर मार्शल स्टर्न्स यांनी १९५२मध्ये न्यूयॉर्कला स्थापलेली जॅझ अभ्यास संस्था १९६६ साली आपल्या संग्रहासह रटगर्स विद्यापीठाकडे गेली.

मुंबईतही जॅझ होते. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे अमेरिकी वादक येऊन गेले. त्यांच्याकडून शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शाव्हियर वाझ हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतातला जॅझचा डौल याच सहवासातला. पण इथल्या रेकॉर्डवरही चित्रपट, गायक आणि संगीतकार यांचीच नावे येत. ट्रम्पेट कोणाचा, वाद्यमेळ कोणी लिहिला, हे छापत नसत. ती नावे गोळा करणारी ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांची पुस्तके अनुक्रमे २००८ आणि २०१२ साली आली. चिक चॉकलेट १९६७मध्येच वारले होते.