आयपी पत्ता आणि प्रताधिकारभंगाचा पुरावा

आयपी पत्ता हा महाजालाशी जोडलेल्या उपकरणाचा अथवा जोडणीचा संख्यात्मक पत्ता होय. प्रताधिकारभंगाच्या दाव्यांत तो पुरावा म्हणून सादर केला जातो. मात्र त्यावरून जोडणी कळते, ती वापरणारी व्यक्ती नव्हे.

संकलन

बिटटॉरंट पद्धतीत एकाच धारिकेचे तुकडे अनेक संगणक परस्परांना पुरवतात व त्यांचे पत्ते एकमेकांना दिसतात. प्रताधिकारधारकाचे निरीक्षक हे पत्ते वेळेसह नोंदवतात. त्यावरून सेवापुरवठादार ग्राहकाचे नाव सांगू शकतो.

मर्यादा

एक वाय-फाय जोडणी कुटुंबीय, भाडेकरू, पाहुणे असे अनेकजण वापरतात. मोबाइल जाळ्यांत एकच पत्ता असंख्य ग्राहकांत विभागलेला असतो. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी काही निरीक्षण पद्धतींची सदोषता दाखवली. त्यांच्या प्रयोगात चक्क छपाईयंत्रांच्या पत्त्यांवर प्रताधिकारभंगाच्या तक्रारी आल्या.

न्यायालयीन भूमिका

२०१८ मध्ये अमेरिकेतील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ‘कॉब्लर नेवाडा’ खटल्यात, केवळ जोडणीचा नोंदणीकृत ग्राहक असणे हा दाव्यास पुरेसा आधार नाही, असे ठरवले. ती जोडणी एका शुश्रूषागृहातील असून तेथील रहिवासी व अभ्यागतही ती वापरू शकत होते.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद असते. त्यामुळे नोंदीत फेरफार झाला आहे का, हे पडताळता येते. कृती कोणी केली, हे मात्र स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार फौजदारी अपराधासाठी भंग जाणूनबुजून केलेला असावा लागतो. म्हणून हा भेद निर्णायक ठरतो.