हॉस्पिस सेवा केव्हा घ्यावी? यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

‘आता घरी न्या, सेवा करा,’ असे मोठ्या दवाखान्यात सांगितले गेले की आपल्या वस्त्यांमधील कुटुंबे बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. काही जण शेत गहाण टाकून पुढच्या दवाखान्यात धावतात. बाकीचे रुग्णाला घरी आणतात आणि त्याच्या वेदना हतबलपणे बघत राहतात. याशिवाय तिसरी वाट आहे, ती हॉस्पिस सेवेची. कार्यकर्त्यांना ती नीट माहीत असावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

हॉस्पिस म्हणजे काय?

आजार बरा होण्याची शक्यता संपली तरी वेदना, धाप, उलट्या, जखमा आणि भीती यांवर उपचार करता येतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे उपचार केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही घेता येतात. मूळ आजारावरचे उपचार थांबवून शेवटचे दिवस सुसह्य करण्यावर सगळा भर दिला जातो, ती हॉस्पिस सेवा. ती मृत्यू लवकर आणत नाही आणि यंत्रांच्या बळावर लांबवतही नाही.

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. मात्र हॉस्पिससाठी इमारतच लागते असे नाही. औषधे, सल्ला आणि अधूनमधून येणारी नर्स मिळाली तर हीच सेवा घरच्या खाटेवर होते. उमरखेड, झरी जामणी किंवा घाटंजीच्या खेड्यातील माणसाला हाच मार्ग जवळचा आहे.

केव्हा विचार करावा?

कर्करोग शरीरभर पसरला आहे, हृदय, फुफ्फुस, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होत चालले आहे, किंवा स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात आहे, अशा वेळी पुढील खुणा बघाव्यात:

- उपचार चालू असूनही आजार वाढतो आहे.
- थोड्या थोड्या दिवसांनी दवाखान्यात भरती करावे लागते.
- वजन झपाट्याने उतरले आहे, जेवण तुटले आहे.
- दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावरच जातो.
- उपचाराचा त्रास फायद्यापेक्षा जास्त होतो आहे, किंवा रुग्णच ‘आता पुरे’ म्हणतो आहे.

अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: या उपचाराने आयुष्य किती वाढेल? ते दिवस कसे जातील? उपचार थांबवले तर त्रास कमी करण्यासाठी काय कराल? अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिस सेवा मिळण्यासाठी सहा महिने किंवा कमी आयुष्याचा अंदाज लागतो. आपल्याकडे अशी कायदेशीर अट नाही, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. खर्‍र्‍यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. क्षयरोगही बरा होतो. पैसा नाही म्हणून बरा होणारा रुग्ण घरी पडून राहिला, तर त्याला हॉस्पिस म्हणता येणार नाही. तो अन्याय आहे. तिथे सरकारी योजना आणि उपचार मिळवून देणे हेच कार्यकर्त्यांचे काम.

मॉर्फिन आणि कायदा

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हे प्रभावी औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध घ्यावे लागते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले.

निरर्थक जीवरक्षक उपचार नको असल्यास तसे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला. 2023 पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते.

आपण काय करू शकतो?

राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम 2012 मध्ये आखला गेला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही ही सेवा धरलेली आहे. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा शल्यचिकित्सक आणि तालुक्याची रुग्णालये येथे चौकशी करा: मॉर्फिन मिळते का? घरभेटीसाठी पथक येते का? उत्तर ‘नाही’ असेल तर लेखी निवेदन द्या.

केरळमध्ये 1993 साली कोझिकोडला डॉक्टरांनी सुरू केलेले काम पुढे वस्तीतील स्वयंसेवकांनी उचलले आणि 2008 मध्ये त्या राज्याने धोरणच केले. आपल्याकडेही गावोगावी विहारे आहेत, तरुणांची मंडळे आहेत. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, नर्सकडून शिकून जखम स्वच्छ करणे, जखमेचा वास कमी करणारे औषध डॉक्टरांकडे मागणे, रात्री जागणाऱ्या माउलीला चार तास झोपू देणे, एवढे आपल्यालाही जमते.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले आणि रुग्णसेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला सांगितले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्वतंत्र जागा दिली आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर एवढेच करावे: आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण कोण आहेत, त्यांची यादी करावी आणि पहिल्या घरी जावे.