क्लीव्हलँड ब्राऊन्स : पहिल्या निवडीचा मान आणि त्याची किंमत

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. त्यातल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड ब्राऊन्स या संघाला ड्राफ्टमध्ये सर्वात पहिला खेळाडू निवडण्याचा मान आतापर्यंत पाच वेळा मिळाला. एवढं असूनही हा संघ आजवर एकदाही सुपर बाऊलच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर संघाच्या निवडींचा हिशेब सुरुवातीपासून बघावा लागतो.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडूंवर बोली लागते. ज्याच्या खिशात पैसा उरलाय, तो खेळाडू नेतो. एनएफएलमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी बोली नसते, नंबर असतो. मागच्या हंगामात जो संघ सर्वात खाली राहिला, त्याला पहिली निवड मिळते आणि विजेत्याचा नंबर शेवटी लागतो. अशा सात फेऱ्या होतात. दुबळ्या संघाला वर यायची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला.

यात एक महत्त्वाची सोय आहे. आपला नंबर दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात खेळाडू किंवा पुढच्या वर्षांचे नंबर घेता येतात. हुंडी वटवावी तसा हा व्यवहार चालतो. ब्राऊन्सचं नशीब बऱ्याच वेळा याच व्यवहारांत ठरलं.

सुरुवातीचे दिवस

संस्थापक प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांच्या नावावरून संघाला नाव मिळालं. १९५० मध्ये एनएफएलमध्ये आल्या आल्या ब्राऊन्सनी विजेतेपद जिंकलं. १९५४, १९५५ आणि १९६४ मध्येही ते विजेते ठरले.

त्या काळात एक बोनस निवड चिठ्ठी टाकून दिली जायची. १९५४ मध्ये ती ब्राऊन्सना लागली. त्यांनी स्टॅनफर्डचा क्वार्टरबॅक बॉबी गॅरेट घेतला, पण तो ब्राऊन्ससाठी एकही सामना न खेळता ग्रीन बेकडे गेला. संघाची पहिली ‘पहिली निवड’ अशी वाया गेली.

१९५७ मध्ये उलट घडलं. ओटो ग्रॅहम निवृत्त झाल्यावर संघाला क्वार्टरबॅक हवा होता. पण लेन डॉसनला पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्गने उचललं. सहाव्या क्रमांकावर ब्राऊन्सनी सिरॅक्यूज विद्यापीठाचा रनिंग बॅक जिम ब्राऊन घेतला. नऊ हंगामांत आठ वेळा तो चेंडू घेऊन धावण्यात लीगमध्ये पहिला आला आणि त्याने १२,३१२ यार्ड काढले. संघाच्या इतिहासातली ही सर्वात मोठी निवड, आणि तीही हवा तो माणूस न मिळाल्यामुळे झालेली!

अर्नी डेव्हिस

१९६२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर वॉशिंग्टनचा होता. त्यांनी सिरॅक्यूजच्याच अर्नी डेव्हिसला निवडलं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ब्राऊन्सनी बॉबी मिशेलसारखा चांगला खेळाडू वॉशिंग्टनला देऊन डेव्हिसला आपल्याकडे घेतलं. जिम ब्राऊन आणि डेव्हिस ही जोडी एकत्र धावणार, असा बेत होता.

त्याच उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी त्याचं निधन झालं. ब्राऊन्ससाठी तो एकही सामना खेळू शकला नाही. तरीही संघाने त्याचा ४५ नंबर कायमचा राखून ठेवला; तो पुन्हा कुणाला दिला जात नाही. मिशेल मात्र वॉशिंग्टनमध्ये गाजला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

वॉरफिल्ड दिला, फिप्स घेतला

१९६४ मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलेला पॉल वॉरफिल्ड पहिल्याच वर्षी संघाच्या विजेतेपदात सहभागी होता. १९७० मध्ये ब्राऊन्सनी त्याला मायामीला देऊन तिसरा नंबर मिळवला आणि त्यावर क्वार्टरबॅक माइक फिप्स घेतला. फिप्स अपेक्षेइतका चालला नाही. वॉरफिल्डने मायामीसोबत दोन सुपर बाऊल जिंकले. त्यातला एक १९७२ च्या हंगामातला, ज्यात मायामी एकही सामना हरली नव्हती.

१९७८ हे वर्ष मात्र फायद्याचं ठरलं. क्ले मॅथ्यूज बाराव्या आणि ऑझी न्यूसम तेविसाव्या क्रमांकावर, असे दोन भरवशाचे खेळाडू एकाच फेरीत मिळाले.

संघ गेला, नंबरही गेले

नोव्हेंबर १९९५ मध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. शहरात संताप उसळला. शेवटी नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडकडे राहिला. खेळाडू आणि ड्राफ्टचे नंबर बाल्टिमोरला गेले. १९९६ मध्ये त्या नंबरांवर बाल्टिमोर रेव्हन्सने जोनाथन ऑग्डन आणि रे लुईस यांना घेतलं. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. निवड करणारा अधिकारी होता ब्राऊन्सचाच जुना खेळाडू ऑझी न्यूसम. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्स सुपर बाऊल जिंकले. क्लीव्हलँडच्या चाहत्यांना हे अजून बोचतं.

१९९९ नंतर

नव्याने उभ्या राहिलेल्या ब्राऊन्सला लागोपाठ दोन वर्षं पहिला नंबर मिळाला. १९९९ मध्ये क्वार्टरबॅक टिम काउच आणि २००० मध्ये बचावपटू कोर्टनी ब्राऊन. दोघांच्याही कारकिर्दीला दुखापतींनी घेरलं. काउचच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. संघ अगदी नवा, समोर संरक्षण करणारी फळी कच्ची. तिथं कितीही गुणी पोरगा उभा केला तरी त्याने काय करावं?

२००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जो थॉमस आला. निवड झाली तेव्हा तो वडिलांसोबत लेक मिशिगनवर मासे पकडत होता. या लेफ्ट टॅकलने सलग १०,३६३ डाव एकही न चुकवता खेळले आणि २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच वर्षी बाविसाव्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक ब्रॅडी क्विन मात्र टिकला नाही. बाविसाव्याच क्रमांकावर २०१२ मध्ये ब्रँडन वीडन आणि २०१४ मध्ये जॉनी मँझिएल आले. तेही टिकले नाहीत.

वॉटसनचा उलटा फेरा

२०१६ मध्ये ब्राऊन्स १६ पैकी एकच सामना जिंकले; २०१७ मध्ये एकही नाही. चाहत्यांनी स्टेडियमभोवती उपरोधाने मिरवणूक काढली. या पडझडीतून दोन पहिल्या निवडी मिळाल्या : २०१७ मध्ये माइल्स गॅरेट आणि २०१८ मध्ये बेकर मेफील्ड. गॅरेट २०२३ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. मेफील्डच्या नेतृत्वाखाली संघाने जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला ४८-३७ असं हरवलं. १९९४ च्या हंगामानंतरचा हा पहिला प्लेऑफ विजय होता.

पण २०१७ मध्येच ब्राऊन्सनी आपला बारावा नंबर ह्यूस्टनला दिला होता. ह्यूस्टनने त्यावर क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन घेतला. बदल्यात मिळालेल्या पुढच्या वर्षीच्या नंबरावर ब्राऊन्सना डेन्झेल वॉर्ड मिळाला, तोवर ठीक. पुढे २०२२ मध्ये त्याच वॉटसनसाठी ब्राऊन्सनी ह्यूस्टनला सलग तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि आणखी काही निवडी दिल्या. शिवाय पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर, तेही पूर्ण हमीचे. लीगच्या आचारनियमांच्या भंगासाठी त्याच्यावर आधी ११ सामन्यांची बंदी आली, नंतर दुखापती झाल्या. मेफील्डला दुसरीकडे पाठवून झालं होतं. २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीत ब्राऊन्सची खुर्ची रिकामी होती.

२०२५ मध्ये दुसरा नंबर हातात असताना संघाने तो जॅक्सनव्हिलला दिला, पाचव्या क्रमांकावर मेसन ग्रॅहमला घेतलं आणि २०२६ साठी पहिल्या फेरीतली एक जादा निवड गाठीला बांधली.

हिशेब काय सांगतो?

जिम ब्राऊन सहावा, थॉमस तिसरा, न्यूसम तेविसावा. पाच पहिल्या निवडींपैकी त्यांच्या पंक्तीला बसेल असा एकच, माइल्स गॅरेट. ड्राफ्ट हरलेल्या संघाला भांडवल देतो. ते कुठं गुंतवायचं आणि खेळाडूला उभं राहायला किती वर्षं द्यायची, हे संघालाच ठरवावं लागतं. वारंवार बदलणारे प्रशिक्षक, बदलणारे व्यवस्थापक आणि क्वार्टरबॅकसाठीची घाई, यात क्लीव्हलँडचं बरंचसं भांडवल खर्ची पडलं.

ब्राऊन्सच्या पाच पहिल्या निवडी

१९५४ : बॉबी गॅरेट, क्वार्टरबॅक
१९९९ : टिम काउच, क्वार्टरबॅक
२००० : कोर्टनी ब्राऊन, डिफेन्सिव्ह एंड
२०१७ : माइल्स गॅरेट, डिफेन्सिव्ह एंड
२०१८ : बेकर मेफील्ड, क्वार्टरबॅक