नादारी एकाची, सही दोघांची

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास घालवणाऱ्या आमच्यातल्या कित्येकांना माहीतही नसतं. लवासाही याच तालुक्यातलं. ऑगस्ट 2018मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिच्यासाठी 2016चा नवाकोरा कायदा तयार होता. मुदती ठरलेल्या, धनकोंची समिती, बोली लावणारे, सगळा सरंजाम. हिंजवडीतल्या फ्लॅटचे हप्ते थकलेल्या माणसाला मात्र आजही 1920चा प्रांतिक नादारी कायदा उघडावा लागतो. त्यात तो बायकोपासून किंवा ती नवऱ्यापासून वेगळी राहत असेल, तर ‘मी एकट्याने नादारी घेतली तर दुसऱ्याचं काय?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर शोधायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

‘नादार’ म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. शब्द फारसी, पण पुणे जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांना हवी होती ती खतं, म्हणजे कर्जरोखे. आग लावली ती कागदांना. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर 1879मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात आले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, आणि शेतकऱ्याला स्वतःहून नादारीचा अर्ज करता येईल असं एक प्रकरणही त्यात घातलं गेलं. माझ्या मते तो कायदा त्याच्या काळाच्या बराच पुढे होता. कोर्टाने खतावरचा आकडा जसाच्या तसा न मानता मूळ व्यवहार किती रुपयांचा होता ते उकरून काढावं, असंही त्यात होतं. आजच्या लोन ॲपवाल्यांना हे कलम लावलं तर काय होईल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यात बायको कुठे होती? खतावर बहुधा अंगठा पुरुषाचा. तिच्याकडे काय होतं, तर स्त्रीधन. त्याबाबत धर्मशास्त्राची भूमिका मोठी चमत्कारिक आहे. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या चार अडचणींत नवऱ्याने बायकोचं स्त्रीधन वापरलं, तर ते परत करायला तो बांधील नाही. म्हणजे कर्जापायी कैदेत पडलेला नवरा तिच्या पाटल्यांवर हात टाकू शकत होता. पण हा हक्क फक्त त्याचा. सावकाराला त्याच्या आडून तिच्या दागिन्यांपर्यंत पोहोचता येत नसे, आणि इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनीही हे मान्य केलं. पुढे 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत धार्मिक रूढीने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळले गेले. मंगळसूत्र सुटलं ते असं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करायची नाही, हेही त्याच संहितेत आहे.

1920चा कायदा आला, आणि पुढच्याच वर्षी, 16 एप्रिल 1921ला, मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. दोन्हींचा थेट संबंध नाही. पण सत्याग्रहाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. मावळे कसत होते त्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. त्यामुळे भरपाई कोणाला, हे नांगर कोणाचा यावर ठरत नव्हतं, नाव कोणाचं यावर ठरत होतं. नादारीचा कायदाही नावच बघतो.

तो चालतो असा. कर्ज 500 रुपयांहून कमी नसेल आणि फेडण्याची ऐपत नसेल, तर ऋणको जिल्हा न्यायालयात अर्ज करतो. (500चा आकडा तेव्हापासूनचा.) न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. नंतर यथावकाश ‘मोकळीक’ मिळते. आधीच्या दोन वर्षांत फ्लॅट बायकोच्या नावे फुकटात केलेला असेल, तर तो व्यवहार रिसीव्हर रद्द करवून घेऊ शकतो. वेगळं होताना घाईघाईने बक्षीसपत्र करणाऱ्यांनी एवढं वाचावंच.

पण खरी मेख कलम 44मध्ये आहे. मोकळीक मिळाली तरी पोटगीच्या हुकुमाखालचं देणं सुटत नाही. सावकार बुडेल, बँक बुडेल, पण टाकलेल्या बायकोचा महिना बुडणार नाही, हे 1920 सालीच लिहिलं गेलं. 2016च्या कायद्यानेही पोटगी वगळलेल्या कर्जांत ठेवली, आणि डिसेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क बँकादी धनकोंच्या हक्कांच्या वर आहे असं सांगितलं.

त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. नादाराला मोकळीक मिळाली म्हणून त्याच्यासोबत संयुक्त करार केलेल्या माणसाची सुटका होत नाही. आता हिंजवडीतलं गृहकर्ज आठवा. दोघांचे पगार धरून पात्रता काढलेली, दोघं सहकर्जदार. 1872च्या करार कायद्याप्रमाणे बँक अख्खी रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. समझोत्यात ‘फ्लॅट त्याचा, हप्ते त्याचे’ असं लिहिलं आणि कौटुंबिक न्यायालयाने त्यावर शिक्का मारला, तरी बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. वर्षभराने त्याने नादारी घेतली, की नोटीस येते ती तिच्या नव्या भाड्याच्या पत्त्यावर. पोटगी वाचवणारा कायदा तिची सही वाचवत नाही.

2016च्या कायद्यातली व्यक्तींसाठीची प्रकरणं 1 डिसेंबर 2019पासून लागू झाली खरी, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. प्रवर्तकांना नवा कायदा, पगारदारांना जुना. त्यामुळे वेगळं राहणाऱ्या जोडप्यासाठी नादारीच्या अर्जाआधीचं काम कंटाळवाणं पण महत्त्वाचं आहे. बँकेत जाऊन सहकर्जदाराचं नाव लेखी कमी करून घ्यायचं. उरलेल्या एकाच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून बँक बहुतेक वेळा नकार देते. मग फ्लॅट विकून कर्ज मिटवायचं, आणि तेही हप्ते थकण्याआधी, दोघांचं निदान फोनवर तरी बोलणं होतंय तोवर.