टी-पेशींकडून होणारी विषाणु-पेप्टाइडांची ओळख

विषाणूने ग्रासलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर, त्या शरीराच्याच ऊतक-अनुरूपता प्रथिनाने धारण केलेला विषाणु-प्रथिनाचा अल्पसा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, टी-पेशीने आपल्या ग्राहीद्वारे ओळखण्याची क्रिया. रक्तात मोकळ्या असलेल्या विषाणूला प्रतिपिंडे थेट चिकटतात. परंतु तो एकदा पेशीत शिरला की त्यांच्या अंमलाबाहेर जातो, आणि तेथे त्याचा बंदोबस्त करण्याचे काम मुख्यत्वे मारक टी-पेशींवर येऊन पडते.

ही ओळख दुहेरी असते, हे रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे उंदरांवर केलेल्या व १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. संसर्ग झालेल्या उंदराच्या टी-पेशी त्याच विषाणूने बाधित झालेल्या पेशींचा नाश करीत, पण त्या पेशी ऊतक-प्रकाराने त्या उंदराशी जुळत असतील तरच. प्रकार भिन्न असला, तर विषाणू तोच असूनही त्या सुखरूप राहत. या मूलगामी शोधाबद्दल उभयतांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच, १९८७ मध्ये, पामेला ब्योर्कमन, डॉन वायली व जॅक स्ट्रॉमिंजर प्रभृतींनी एचएलए-ए२ या मानवी ऊतक-अनुरूपता प्रथिनाची स्फटिकरचना उलगडून पेप्टाइड धरणारी खोबण प्रत्यक्ष दाखविली होती.

पेशीत निर्माण होणारी प्रथिने, मग ती तिची स्वतःची असोत वा विषाणूची, प्रोटिअसोम या यंत्रणेत तुटतात; त्यांचे तुकडे टॅप नामक वाहक प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत पोहोचविते, आणि तेथे बहुधा आठ ते दहा ॲमिनो अम्लांचा तुकडा वर्ग १ च्या ऊतक-अनुरूपता प्रथिनाच्या खोबणीत बसून त्याच्यासह पृष्ठभागावर येतो. इन्फ्लुएन्झाच्या मॅट्रिक्स प्रथिनातील ५८ ते ६६ या क्रमांकांचा नऊ अम्लांचा तुकडा घेतला, तर त्यातील दुसरे आयसोल्यूसीन व नववे ल्यूसीन एचएलए-ए२ च्या खोबणीतील कप्प्यांत रुततात, आणि मधला भाग ग्राहीच्या तपासणीस उपलब्ध राहतो. ग्राही पेप्टाइड व धारक प्रथिन या दोहोंना एकाच वेळी स्पर्श करतो. हे बंधन दुर्बळ असल्याने सीडी८ हे सहग्राही प्रथिन त्यास आधार देते. वर्ग २ ची प्रथिने मात्र बाहेरून पेशीत घेतलेल्या द्रव्याचे अधिक लांब तुकडे सीडी४ टी-पेशींपुढे मांडतात.

विषाणूही या व्यवस्थेत अडथळे आणतात. हर्पिस सिम्प्लेक्सचे आयसीपी४७ हे प्रथिन टॅपची वाटच रोखते. तथापि वर्ग १ ची प्रथिने ज्या पेशीवरून नाहीशी होतात, तिच्यावर नैसर्गिक मारक पेशी हल्ला करू शकतात.

मनुष्यांत या प्रथिनांचे हजारो प्रकार असून, एकाची प्रथिने जो तुकडा धरू शकत नाहीत तो दुसऱ्याची धरू शकतात. त्यामुळे एखाद्या फेरबदलाने विषाणू एका व्यक्तीच्या टी-पेशींना चुकवू शकला, तरी तेवढ्यानेच सबंध समाजाला चुकविणे त्यास दुष्कर होते. अवयवरोपणात अडसर ठरणारी हीच विविधता साथीच्या रोगांपुढे मानवजातीचे मोठे संरक्षण होय.